रोजचे आठ सीन

तुमची पद्धत काय, असं नवीन पोरं मला विचारतात. हा माणूस दरवर्षी रमझानची मालिका लिहितो, तीस दिवसांचे तीस भाग, आणि सतरा वर्षांत याच्यामुळे एकदाही शूटिंग खोळंबलेलं नाही, म्हणजे याच्याकडे काहीतरी गुपित असणार असा त्यांचा समज. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने मला लेखनाच्या शिस्तीवर बोलायला बोलावलं होतं. मी वीस मिनिटांत संपवलं. पहाटे पाचला उठायचं. फोन पावाच्या डब्यात टाकून झाकण लावायचं. कागदाच्या डोक्यावर तारीख आणि वेळ घालायची आणि आठ सीन झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. सुचलं तरी लिहायचं, नाही सुचलं तरी लिहायचं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, की मग प्रेरणेचं काय. म्हटलं, ती आलीच तर तिला बस म्हणायचं, हातातला सीन होईपर्यंत थांब म्हणायचं. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता, पण हसले तर हसले.

एक गोष्ट मात्र तिथे सांगितली नाही. सुरुवातीला मी ऐकायचो, मग विचार करायचो, मग लिहायचो. हळूहळू मधली पायरी गळून गेली. आता बसमध्ये, जिन्यात, खाटकाच्या दुकानात जे कानावर पडतं ते थेट हातात उतरतं आणि कागदावर जातं. मध्ये मी कुठे लागत नाही. माझी बायको एवलीन हे माझ्याआधी ओळखून होती. मालिकेतली एखादी बाई नवऱ्याला म्हणायची, "तुमच्या मोज्यांची जोडी ज्या दिवशी जुळेल त्या दिवशी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन," आणि एवलीन सोफ्यावरून ओरडायची, की हे मी गेल्या सोमवारी म्हटलंय, आणि मुसलमान बाईच्या तोंडी चर्च कसं आलं, काही लाज? चोरलेल्या प्रत्येक वाक्यामागे एक किलो रव्याचा गोड बसबूसा, तोही अस्सल तुपातला, असा तिने दंड ठेवला होता. आम्ही ख्रिस्ती, रमझानचे उपवास आमचे नव्हेत, पण रमझानमध्ये वजन वाढायचं ते तिचं. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी तिची किती वाक्यं उचलली याचा हिशेब तिच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता.

ती गेली तो मंगळवार होता, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. रमझानला महिनाही उरला नव्हता आणि मी अकराव्या भागात होतो. सकाळी नऊपर्यंत माझे पाच सीन झाले होते. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी चालू वाक्य पुरं केलं आणि मग उठलो. हे मी लपवत नाही. एवलीन ओट्याला टेकून फरशीवर बसली होती, कपाळावर घाम आणि ओठ राखेसारखे. "घाबरू नका," ती म्हणाली, "आधी गॅस बंद करा." मी गॅस बंद केला. आमचा दरवान गाबेर आणि मी मिळून तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं आणि टॅक्सीने आमच्याच भागातल्या, शुब्रातल्या एका हॉस्पिटलात नेलं.

निघताना मी कागद बरोबर घेतले. एवलीनच म्हणाली, घ्या ते, नुसते बसून काय करणार. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. ती म्हणाली नसती तरी घेतले असते, कारण तीन सीन बाकी होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, संध्याकाळपर्यंत वाट बघू. दुपारी मी मिरेतला फोन केला. मिरेत आमची एकुलती एक मुलगी, अलेक्झांड्रियाला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती मिळेल त्या गाडीने निघते म्हणाली. मग मी पलंगाशेजारी खुर्ची ओढली, गुडघ्यावर पुठ्ठा घेतला आणि लिहीत बसलो. एवलीन अधूनमधून काहीतरी बोलत होती, मी हं हं करत होतो. एकोणतीस वर्षं आमचं संभाषण असंच चालत आलं होतं आणि त्यात तिला किंवा मला काही वावगं वाटायचं नाही. पावणेपाचच्या सुमारास नर्स आली, तिने एवलीनच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि मला म्हणाली, जरा खुर्ची मागे घ्या. तेव्हा मी वर बघितलं.

मिरेत सहा वाजता पोचली. आईजवळ बराच वेळ बसली, तिचे केस सारखे केले. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली आणि तिने विचारलं, शेवटी काही बोलली का. बोलली, मी म्हटलं. काय बोलली? मला आठवेना. चार वाजता बोललेलं सहा वाजता आठवेना. मग मी सांगितलं, तुझं नाव घेतलं, म्हणाली माझ्या लेकीला सांभाळा.

मिरेतने माझ्याकडे नीट बघितलं. "हे तिसाव्या भागातलं वाक्य आहे, बाबा," ती म्हणाली. "आई असं बोलत नाही."

दफन झालं, तीन दिवस लोक येऊन बसून गेले. बिनसाखरेची कॉफी, कुराणाच्या जागी आमचे स्तोत्रपाठ, बाकी सगळं शेजाऱ्यांसारखंच. आमचा दिग्दर्शक हाझेम तिन्ही दिवस आला आणि येईल त्याला सांगत होता, की या माणसाने दफनाच्या दुसऱ्या दिवशी आठ सीन पाठवले, सिंह आहे सिंह. लोक माझ्याकडे आदराने बघत. मला काहीही वाटत नव्हतं. मी वाट बघत होतो, की आज वाटेल, उद्या वाटेल. दात काढल्यावर गाल बधिर असतो तसं होतं, फक्त औषधाचा असर उतरायचं नाव नव्हतं. एवलीनची धाकटी बहीण सुआद हिने टीव्हीवर चादर टाकली. चाळीस दिवस आमच्यात टीव्ही लागत नाही. मला त्याचं काही नव्हतं, मी माझी मालिका कधीच बघत नाही. बघायचं काम एवलीनचं होतं.

मिरेत अलेक्झांड्रियाला परत गेली आणि दर शुक्रवारी तिचा फोन यायला लागला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आणि मग आठवलं का. पहिल्या शुक्रवारी मी चिडलो. म्हटलं, अगं माणूस जाताना काहीबाही बोलतो, पाणी मागतो, उशी सारखी करा म्हणतो, त्यात काय आहे एवढं.

"मग तेच सांगा ना," ती म्हणाली. "उशी सारखी करा म्हणाली, असं सांगा. मला उशी चालेल. मी गाडीत होते, तुम्ही तिथे होतात. मला दुसरं काही नको तुमच्याकडून, ना दागिने, ना घर. ते एक वाक्य तेवढं द्या."

मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. छताचा पंखा आठवत होता, त्याच्या एका पात्याला चिकटपट्टी होती. नर्सच्या चपलांचा आवाज आठवत होता. एवलीनचे ओठ हलताना दिसायचे, पण आवाज लागत नव्हता. लक्ष कुठेही जाऊ द्यायचं नाही हे मी तीस वर्षं शिकलो होतो, पोराटोरांना शिकवत होतो, आणि शिकवण इतकी अंगात भिनली होती, की बायको मरत असतानाही ते ढळलं नाही. एकदा पहाटे मी मालिकेचा कागद बाजूला सारून कोऱ्या पानावर लिहिलं, एवलीन म्हणाली, आणि पुढे हात सोडून दिला. म्हटलं, याला माहीत असेल. हाताने अर्ध्या तासात बारा वाक्यं लिहिली. बाराही चांगली होती आणि एकही तिचं नव्हतं. पान फाडलं आणि साडेपाचला पहिला सीन घेतला.

पुढल्या शुक्रवारी मिरेत म्हणाली, चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा आहे, त्याला मी येईन. त्यानंतर येईन का, ते मला आत्ता सांगता येत नाही. तिने आवाज चढवला नव्हता. मी बरं म्हटलं.

रमझान लागला. मालिका चालली, असं कानावर येत होतं. पहिल्या दहा दिवसांत जेमतेम, आणि अकराव्या दिवसानंतर एकदम जोरात. कशामुळे ते मी विचारलं नाही, शेवटचे भाग अजून लिहून व्हायचे होते आणि हाझेमचा माणूस रोज दुपारी येऊन कागद घेऊन जायचा. गाबेर जिन्यात भेटला की डोळा मारून विचारायचा, काय उस्ताज, पानं गरम आहेत ना? मला वाटलं, कसली तरी जाहिरात असेल. भाजीवाल्याने पैसे घेतले नाहीत, नुसता हसत सुटला. ज्याने लिहिलं त्याला माहीत असणारच, असं सगळे धरून चालले होते.

मिस्साच्या आदल्या दिवशी दुपारी मिरेत आली. दार मी उघडलं. ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून उंबऱ्यात उभी राहिली.

"टॅक्सीवाला आईचं वाक्य बोलला," ती म्हणाली.

मला काही कळेना. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग तिने सांगितलं. रॅमसेस स्टेशनच्या बाहेर गाड्या अडकल्या होत्या, पुढची बस हलत नव्हती, आणि उपाशी टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसवाल्याला ओरडला, "अरे, पानं गरम असतानाच सोडव म्हणावं, गार झाली की फाटतात!" बसवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून दाद दिली. मिरेतने विचारलं, हे कुठे ऐकलं. टॅक्सीवाला म्हणाला, ताई तुम्ही आपल्या मिसर देशातच राहता ना? हाजी बयूमी! किराणावाला! आणि सिग्नलला त्याने स्वतःच्या फोनवर तिला तो तुकडा दाखवला.

आता तिने तो मला दाखवला. आमच्या गल्लीच्या गोष्टीत बयूमी म्हणून एक किराणा दुकानदार आहे. साखरेचा साठा दडवला म्हणून पोलीस त्याच्या गोदामावर धाड घालतात. अधिकारी पंचनामा लिहितोय, बयूमी हातकड्या घालून साखरेच्या पोत्यांवर आडवा पडलाय, अख्खी गल्ली दारात जमलीय, आणि तो मरणोन्मुख बादशहाच्या थाटात सांगतो, "पोरीला सांगा, कोबी उकडून ठेवलाय. पानं गरम असतानाच सोडव म्हणावं, गार झाली की फाटतात." अधिकारी म्हणतो, सांगतो, सांगतो. गल्ली हसते आणि संगीत सुरू होतं. नट चांगला होता. खाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली होती, हजारो.

"आई मला दरवेळी हे सांगायची," मिरेत म्हणाली. "कारण भात भरून गुंडाळायला कोबीची पानं सोडवताना मी दरवेळी ती फाडायची. तुम्ही आधी कधीतरी ऐकलेलं असेल, ते वापरलं असेल. असू शकतं. मला फक्त सांगा, हे लिहिलं कधी?"

"अकरावा भाग," मी म्हटलं, "त्या मंगळवारचा." तिला हिशेब करायला वेळ लागला नाही.

"कागदावर तुम्ही वेळ घालता ना?"

"घालतो."

"तो कागद कुठाय?"

तो सफिनाझकडे होता. सफिनाझ निर्मात्याच्या कार्यालयात माझं अक्षर टाइप करते, सतरा वर्षं तीच करते, आणि माझा एकही हाताने लिहिलेला कागद तिने टाकलेला नाही. मिरेत तेव्हाच निघायला उठली. मी म्हटलं, उद्या मिस्सा झाला की जाऊ, आज तिथे शूटिंगची पळापळ असेल. ती बरं म्हणाली आणि एवलीनच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी त्या दिवशी सकाळीच आठ सीन केले होते, त्यामुळे मला काही काम नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो.

मिस्सा झाला. धर्मगुरूंनी एवलीनचं नाव घेतलं, सुआदने पाव वाटला, नातेवाईक माझा दंड दाबून गेले. पाचच्या पुढे मी आणि मिरेत दोक्कीला कार्यालयात पोचलो. उपवासाचा शेवटचा तास, सगळ्यांची डोकी फिरलेली. सफिनाझ कपाळाला रुमाल बांधून बसली होती. मी अकराव्या भागाचे मूळ कागद मागितले तर म्हणाली, उस्ताज, सतरा वर्षांत तुम्ही एक कागद परत मागितला नाहीत आणि आजच बरी आठवण झाली, माझ्या पोटात कालपासून अन्न नाही. मग तिने मिरेतचे काळे कपडे पाहिले, उठली आणि कपाटाच्या वरच्या खणातले गठ्ठे काढायला लागली.

तेवढ्यात हाझेम आला. त्याने मला मिठी मारली आणि सांगितलं, की कोबीने आपल्याला तारलं. एका तेलाच्या कंपनीला ते वाक्य जाहिरातीला हवंय, बयूमी आणि कोबी, ईदच्या आत. मी म्हटलं, ही माझी मुलगी. त्याने छातीवर हात ठेवून तिला मान लववली. "तुमच्या वडिलांसारखा माणूस मी बघितला नाही," तो तिला म्हणाला. "आमच्यापैकी कुणी असता तर वर्षभर पेन हातात धरलं नसतं. यांनी दुसऱ्या दिवशी आठ सीन दिले."

"हो," मिरेत म्हणाली. "मला माहीत आहे."

हाझेम पुढे बोलत होता. तो सीन संपादनात थोडा छाटावा लागला, शेवटी जरा पडत होता, हशा झाला की लगेच बाहेर पडायचं असतं, उस्ताजना माहीतच आहे. सफिनाझने गठ्ठा माझ्या हातात दिला. मी वरचे कागद चाळले. त्या मंगळवारचे आठ सीन एका टाचणीत होते. आठव्याचं पान मी बघितलं, वेळ चार वाजून दहा मिनिटं. मिरेतने ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि घडी न करता पिशवीतल्या वहीत ठेवलं. सफिनाझला मी म्हटलं, हे एक पान नेतो. ती म्हणाली, न्या, तुमचंच आहे.

खाली रस्त्यावर आलो तेव्हा बांग व्हायला पाचएक मिनिटं होती. गाड्या पिसाळल्यासारख्या पळत होत्या आणि मग बघता बघता रस्ता रिकामा झाला. कोपऱ्यावर पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला खजूर आणि चिंचेचं सरबत वाटत होती. एकाने माझ्या हातात पिशवी कोंबली. माझा उपवास नाही हे सांगत बसण्यापेक्षा घेणं सोपं होतं, म्हणून घेतली. बंद बँकेच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो. बांग झाली. मिरेतने वही काढली आणि ते पान मोठ्याने वाचायला लागली. तिने आवाजात काही घातलं नाही, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं, पात्रांच्या नावांसकट वाचलं.

"बयूमी, अहो ऐका ना. पोरीला सांगा, कोबी उकडून ठेवलाय. अधिकारी, हं. बयूमी, पानं गरम असतानाच सोडव म्हणावं, गार झाली की फाटतात. अधिकारी, सांगतो, सांगतो."

इथपर्यंत सगळ्या देशाला पाठ होतं. पुढचं हाझेमने छाटलं होतं.

"बयूमी, ती मिठाचं विचारील. मीठ घातलंय, जिरंसुद्धा. अधिकारी, दोन मिनिटं थांब. बयूमी, हात द्या ना जरा. अधिकारी, लिहितोय. बयूमी, बरं. लिहा तुम्ही."

ती थांबली. त्याखाली आणखी एक ओळ होती, तिची शाई वेगळी होती, ती मी घरी येऊन लिहिली होती. त्यात गल्लीतल्या बाया हसतात एवढंच होतं. ती ओळ तिने वाचली नाही.

मी पान तिच्या हातात असतानाच वाकून बघितलं. अक्षर माझं होतं. खाडाखोड नव्हती, एका लयीत लिहिलेलं होतं. सकाळी नऊचा कोबी दुपारी चारला गरम कुठून असणार, पण तिच्या लेखी तो आत्ताच उतरवलेला होता. आणि मी विचारांच्या तंद्रीत तिला हं म्हटलं होतं, तेही लिहून ठेवलं होतं. मी स्वतःला पोलीस केलं होतं आणि मला तेही कळलं नव्हतं.

"कोबी होता घरी?" मिरेतने विचारलं.

"होता. गॅसवर पातेलं होतं. सुआदने चौथ्या दिवशी टाकून दिलं, वास यायला लागला होता."

"तुम्ही बघितलात तो?"

"बघितला."

"आणि काही आठवलं नाही?"

"नाही."

"आता आठवतंय? तिने हात मागितला ते?"

हो म्हणता आलं असतं. तिला हो हवं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तिसावा भाग मी शंभर वेळा लिहिलाय, मला ते जमलं असतं. पण पंखा आठवत होता, चिकटपट्टी आठवत होती, चपला आठवत होत्या. हात आठवत नव्हता. "नाही," मी म्हटलं. "आत्ता तू वाचलंस म्हणून कळलं."

समोरच्या इमारतीतून ताटांचे आवाज येत होते, आणि कुठल्यातरी टीव्हीवर आमच्याच मालिकेचं शीर्षकगीत लागलं होतं. मला वाटत होतं, आता तरी रडू येईल. मी वाट बघितली. आलं नाही, आणि त्याची मला लाज वाटली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा काही वाटलं ते हे.

"आई एकटीच गेली, बाबा," मिरेत म्हणाली. "तुम्ही खोलीत होतात, हाताच्या अंतरावर होतात, आणि ती एकटीच गेली."

माझा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला होता. पेनाचं टोपणसुद्धा निघालं होतं. मी त्याला पाठवलं नव्हतं. मी हात तिथेच थांबवला, पण मिरेतने बघितलं होतं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, ती खरंच सांगत होती. "नाहीतर हेही विसराल."

माझ्याजवळ कागद नव्हता. तिने हातातलं पान उलटं केलं, त्याची कोरी बाजू माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही कोपरे धरून बसली. मी लिहून घेतलं.